मुकुट देणारा परका हात

व्हिडिओ गेमचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा दोन ठरावीक वळणांनी जाते. मुलांचा वेळ फुकट जातो, हे एक. आणि खेळांतील हिंसेने मने बधिर होतात, हे दुसरे. या तक्रारींत तथ्य किती आणि पालकांची हतबलता किती, हा वाद येथे करावयाचा नाही. प्रस्तुत लेखकाला एका तिसऱ्याच गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. या खेळांचा एक प्रकार असा आहे की, त्यात खेळणारा चाळीस-पन्नास तास नुसती तलवार चालवीत नाही. तो निर्णय करतो. गादीवर कोणी बसावे, कारखान्यांतील बालमजुरी बंद करावी की चालू ठेवावी, जन्माने बहिष्कृत ठरलेल्यांवरची बंधने सैल व्हावीत की नाही, असे प्रश्न त्याच्यापुढे येतात आणि त्याच्या उत्तराप्रमाणे त्या कल्पित राज्याचे भवितव्य बदलते. अर्थशास्त्राच्या तासाला जांभया देणारी मुले मधल्या सुटीत व्हरांड्यात या प्रश्नांवरून हमरीतुमरीवर येतात, हे मी पाहिलेले आहे. तेव्हा समाजसुधारणा म्हणजे काय, ती कोण करतो आणि कशासाठी करतो, याविषयी हे खेळ आपल्या तरुणांची कोणती समजूत करून देत आहेत, हे पाहणे अस्थानी ठरू नये.

या प्रकारास रोल-प्लेइंग गेम म्हणतात. म्हणजे एक भूमिका घेऊन, तिच्या नजरेने एका अद्भुत जगात वावरावयाचे. त्याचे मूळ संगणकात नाही, कागदात आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. चार मित्रांनी टेबलाभोवती बसावे, फासे टाकावे आणि तोंडी कथा रचीत जावे, असे त्याचे स्वरूप. त्यात प्रत्येक पात्राची नैतिक प्रवृत्ती आरंभीच कागदावर नोंदलेली असे. मौज अशी की, माणसाला आपली प्रवृत्ती निवडता येई. पण ऑर्क वगैरे काही जमाती सरसकट दुष्ट म्हणून छापलेल्या असत. जन्मावरून गुण ठरविण्याची रीत आपल्याला नवी नाही, म्हणून आपण यावर हसू नये. या खेळाच्या प्रकाशकांनी २०२० साली ही मांडणी बदलण्याची जाहीर ग्वाही दिली, आणि २०२४ च्या सुधारित पुस्तकात ‘रेस’ हा शब्द काढून त्या जागी ‘स्पीशीज’ हा शब्द घातला. शब्द बदलावयास पन्नास वर्षे लागली.

संगणकावरील खेळांत नीतीचा प्रश्न खऱ्या अर्थाने आणला तो रिचर्ड गॅरियट या अमेरिकन खेळकर्त्याने, १९८५ च्या ‘अल्टिमा’ मालेतील चौथ्या खेळात. तोवर या खेळांतील नायक वाटेतल्या दुकानांची लूट करी, निरपराध गावकऱ्यांना कापून काढी आणि शेवटी एका दुष्ट जादूगाराला मारून जगाचा त्राता म्हणून मिरवे. चौथ्या अल्टिमात मारावयास असा खलनायकच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि विनम्रता हे आठ सद्गुण स्वतःच्या अंगी बाणवावयाचे, एवढेच ध्येय. त्यातील एक प्रसंग मला फार मार्मिक वाटतो. मंत्रासाठी लागणाऱ्या औषधी विकणारी एक आंधळी बाई आहे. माल घेतल्यावर पैसे आपणच मोजून ठेवावयाचे. शंभराच्या जागी एक नाणे टाकले तरी ती काही बोलत नाही. खेळही बोलत नाही. मात्र आत कोठेतरी हिशेब लिहिला जातो आणि पुष्कळ पुढे गेल्यावर, सद्गुणांची पारख होते त्या वेळी, आपण कोठे कमी पडलो हे कळते. या साधनेच्या अंती खेळणाऱ्यास जे पद मिळते त्याचे नाव ‘अवतार’. शब्द आपलाच. आपल्याकडे अवतार वरून खाली येतो. या खेळात माणूस खालून चढत जाऊन अवतार होतो, एवढा फरक मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

याच मालेतील १९८८ चा पाचवा खेळ एक पाऊल पुढे गेला. राजा बेपत्ता आहे. त्याच्या जागी कारभार पाहणाऱ्या ब्लॅकथॉर्नने आठही सद्गुणांचे कायदे करून टाकले आहेत. खोटे बोलणाऱ्याची जीभ जावी, निम्मी मिळकत दानधर्मास न देणाऱ्याची सगळीच मिळकत जावी, अशी त्याची कलमे. सद्गुण तेच, पण राज्य जुलमी. सक्तीच्या दानाला दान म्हणू नये, तो कर असतो, आणि कर म्हणून तो निदान समंजस दराचा असावा, हे आम्ही वर्गात सांगतो ते येथे एका खेळाने पटवून दिले. १९९० च्या सहाव्या खेळात तर नायकाच्या पुण्याईवरच प्रश्नचिन्ह आले. ज्या शिंगे-पंखवाल्या जमातीला राक्षस समजून तो मारीत सुटतो, त्यांचीही स्वतःची नीती आहे, स्वतःची धर्मवचने आहेत. आणि अवतारपदी चढताना त्याने जो पवित्र ग्रंथ हस्तगत केला, तो मुळात त्यांचा होता. त्या सत्कृत्याने त्यांचे जग खचू लागले आहे. शेवटी तो ग्रंथ कोणा एकाच्या ताब्यात राहत नाही. दोन्ही समाजांना वाचता येईल असा तो दूर ठेवला जातो.

पण हे सर्व व्यक्तीच्या नीतीविषयी झाले. समाजाची घडी बदलावयाची तर नुसता सद्वर्तनी माणूस पुरत नाही. हा प्रश्न पुढच्या पिढीतील खेळांनी हाती घेतला, आणि तेथे अर्थशास्त्राच्या शिक्षकाला बोलण्याजोगे पुष्कळ आहे.

ब्रिटनमधील लायनहेड या संस्थेचा, पीटर मोलिन्यू यांच्या नेतृत्वाखाली निघालेला ‘फेबल’चा तिसरा भाग २०१० साली आला. आल्बियन नावाच्या राज्यात कारखानदारीचे युग अवतरले आहे. शहरांत धूर आहे, गिरण्यांत मुले राबत आहेत आणि लोगन नावाचा जुलमी राजा प्रजेला पिळून काढीत आहे. नायक हा राजाचाच धाकटा भाऊ (खेळणाऱ्याची इच्छा असल्यास बहीण). बंडासाठी माणसे जमवीत तो गटागटांना भेटतो आणि प्रत्येकाला काहीतरी वचन देतो. बंड यशस्वी होते. गादीवर बसल्यावर मात्र कळते की, वर्षभरात समुद्रापलीकडून एक महाभयंकर संकट येणार आहे आणि लोगनची पिळवणूक चालली होती ती त्यासाठी फौज उभारण्याकरिता. तिजोरीत ६५ लाख सुवर्णमुद्रा जमल्या तर ६५ लाख प्रजा वाचेल. जितक्या मुद्रा कमी, तितके जीव कमी. मग रोज दरबार भरतो. एका बाजूस बंडातील पुढारीण पेज म्हणते, कारखान्याची शाळा करा. दुसऱ्या बाजूस गिरणीमालक रीव्हर म्हणतो, मुलांना पुन्हा कामाला लावा, तिजोरी भरेल. वचन पाळले तर खजिन्याला भोक, मोडले तर भर.

संधी खर्च ही कल्पना इतक्या थोडक्यात आणि इतक्या निर्दयपणे मांडलेली मी पाठ्यपुस्तकात पाहिलेली नाही. विरोधी पक्षात असताना दिलेल्या वचनांचे सत्तेवर आल्यावर काय होते, हेही येथे नीट कळते; त्याची उदाहरणे वाचकांना मी देण्याची आवश्यकता नाही. तथापि या मांडणीत एक खोट आहे. चांगल्या गोष्टीला नेहमी पैसा लागतो आणि वाईट गोष्टीतून नेहमी पैसा मिळतो, असा जणू निसर्गनियमच खेळाने करून ठेवला आहे. शाळा म्हणजे निव्वळ खर्च. एका वर्षाच्या मुदतीत ते खरेही आहे. शाळेत घातलेले मूल वर्षभरात तिजोरीला काही देत नाही. पण राज्याचा जमाखर्च एका वर्षाचा धरला की सुधारणा ही चैन ठरते, आणि संकटाची मुदत घालून सुधारणा लांबणीवर टाकणे ही तर राज्यकर्त्यांची जुनी युक्ती आहे. दुसरी गोष्ट याहून गमतीची. हुशार खेळाडूंनी यातून पळवाट काढली. राज्यातील घरे आणि दुकाने राजाने स्वतःच विकत घ्यावयाची, त्यांचे भाडे साठवावयाचे आणि ते खासगीतून खजिन्यात टाकावयाचे. म्हणजे सर्व वचनेही पाळता येतात आणि सर्व प्रजाही वाचते. थोडक्यात, राज्यातला सर्वांत मोठा घरमालक झाल्याखेरीज सज्जन राजा होता येत नाही. हा निष्कर्ष खेळकर्त्यांना अभिप्रेत होता की काय, कोण जाणे.

या सर्वांत विचाराला अधिक खाद्य देणारा प्रसंग मात्र दुसऱ्याच खेळात आहे. कॅनडातील बायोवेअर या संस्थेने २००९ साली ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ हा खेळ काढला. त्यात ऑर्झमार नावाची एक भूगर्भातील नगरी आहे. युरोपीय लोककथांतील बुटक्या, कसबी लोकांची ही नगरी. येथे जातिव्यवस्था आहे, आणि ती आपल्या वाचकाला चटकन ओळखू यावी इतकी तपशीलवार आहे. सरदार, योद्धे, लोहार, कारागीर, खाणकामगार, व्यापारी, सेवक अशा जाती. मुलाला बापाची जात, मुलीला आईची. पूर्वजांच्या नोंदी ठेवणारे एक स्वतंत्र खाते आहे. नगरी सोडून वर, उघड्या आभाळाखाली जो जातो त्याची जात जाते. आपल्याकडील समुद्रगमनाच्या निषेधाची आठवण यावी असा हा नियम. आणि या सर्वांच्या खाली जातिबाह्य लोक. जन्मतःच त्यांच्या चेहऱ्यावर खूण गोंदली जाते. कोणत्याही जातीचा धंदा त्यांना करता येत नाही. मग भीक मागावयाची, नाहीतर गुन्हेगारांच्या टोळीत शिरावयाचे, आणि तसे केले की, पाहा, हे जन्मजात गुन्हेगार, असे म्हणावयास वरचे मोकळे.

खेळणाऱ्याला हवे तर अशाच एका जातिबाह्याची भूमिका घेता येते. तेव्हा आरंभीच असा प्रसंग येतो की, एक योद्धा दारूच्या नशेत पडलेला आहे आणि त्याचे चिलखत घालून आपण राजमान्य द्वंद्वांच्या आखाड्यात उतरतो. एकामागून एक कसलेले योद्धे आपल्यापुढे हरतात. मग तो खरा योद्धा झोकांड्या खात तेथे येतो, सोंग उघडकीस येते आणि विजेत्याची रवानगी तुरुंगात होते. शौर्य सिद्ध झाले, हाच गुन्हा. कर्णाला हस्तिनापूरच्या रंगभूमीवर कुळ विचारले गेले, त्याची आठवण मराठी वाचकाला करून द्यावयास नकोच.

कथेत ऑर्झमारचा राजा नुकताच मेला आहे आणि गादीसाठी दोघे भांडत आहेत. हॅरोमाँट हा मृत राजाचा विश्वासू सल्लागार. वृद्ध, सभ्य, दिलेला शब्द पाळणारा. बेलेन हा राजाचा उरलेला मुलगा. वडील भावाच्या खुनामागे त्याचेच कारस्थान होते. सभा दुभंगलेली आहे. नायकाला राक्षससेनेविरुद्ध या लोकांची फौज हवी आहे, आणि ती दोघांपैकी कोणीही राजा झाला तरी मिळणार आहे. म्हणजे नायकाच्या स्वार्थाच्या दृष्टीने दोन्ही पर्याय सारखे. प्रश्न उरतो तो केवळ या नगरीच्या हिताचा. खेळणारा मुकुट आणून एकाच्या पारड्यात टाकतो. बेलेन राजा झाला तर पहिल्याच श्वासात हॅरोमाँटच्या वधाची आज्ञा देतो. निवडणारा मनातून खजील होतो. पण खेळ संपल्यावर जो समारोपाचा मजकूर येतो, त्यात कळते की, सभ्य हॅरोमाँटच्या राज्यात जातींची बंधने अधिक आवळली गेली आणि बाहेरच्या जगाशी संबंध तुटत गेले. तर खुनी बेलेनने वरच्या जगाशी व्यापार वाढविला, जातींची बंधने सैल केली, जातिबाह्यांना काही हक्क दिले, सरदारांनी त्याच्या जिवावर उठून प्रयत्न केले तेव्हा सभाच बरखास्त केली आणि तो एकट्याने राज्य करू लागला.

व्हरांड्यातील भांडणे याचीच. एक पक्ष म्हणतो, माणूस वाईट असला तरी परिणाम चांगला, म्हणून बेलेन. दुसरा म्हणतो, भावाचे रक्त सांडणाऱ्याच्या हातून आलेली सुधारणा नको. सज्जन माणूस अन्याय्य व्यवस्थेचा उत्तम रखवालदार असू शकतो, हे सत्य या वयात उमगणे ही लहान गोष्ट नाही. खेळकर्त्यांचे त्याबद्दल कौतुकच केले पाहिजे. हॅरोमाँटसारखी माणसे आपल्या आजोबांच्या पिढीत घरोघर होती. कोणाचे एक पैचे देणे बुडविणार नाहीत, आणि कोणाला विहिरीवर येऊ देणार नाहीत.

परंतु दोन्ही पक्ष एक साधा प्रश्न विचारीत नाहीत. बेलेनने बंधने सैल केली ती का? जातिबाह्य स्त्रीपासून त्याला मुलगा झालेला असतो, एवढ्याने त्याचे अंतःकरण द्रवले असे समजावयास फारसा आधार नाही. समारोपाच्या मजकुरात खरे कारण दिलेलेच आहे : जातिबाह्यांना सवलती मिळाल्या त्या राक्षससेनेविरुद्ध शस्त्र धरण्याच्या बदल्यात. योद्ध्यांची जात संख्येने अपुरी पडत होती. मनुष्यबळ हवे होते, व्यापारही हवा होता. या दोहोंच्या आड जात येत होती. हा सौदा होता. सौद्यात वाईट काही नाही, पण गरज संपली की सौदाही संपतो.

याचा पुरावा शोधण्यास अद्भुत जगात जावयास नको. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. पुढे लढाऊ जाती आणि बिगरलढाऊ जाती असा सिद्धान्त सरकारदरबारी रूढ झाला आणि १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांची भरती बंद झाली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी याविरुद्ध दाद मागण्याची खटपट केली. तिचा उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडली तशी महारांची पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपल्यावर ती मोडली गेली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज पडली. १९४१ साली महार रेजिमेंट स्थापन झाली. दार उघडणे आणि लावणे या दोन्ही क्रिया आतल्या माणसाच्या सोयीने चालल्या होत्या.

येथवर इतिहास बेलेनच्या कथेशी जुळतो. पण इतिहासात यापुढचेही एक प्रकरण आहे, आणि खेळात नेमके तेच गाळलेले आहे. फौजेने गरजेपोटी जे दिले, त्यातले काही परत घेता आले नाही. पलटणीत मिळालेले अक्षर, निवृत्तिवेतनाचा आधार, गणवेशात उभे राहिल्याची आठवण, ही मागे उरली. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते, हा केवळ चरित्रातील तपशील नव्हे. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले, ते कोणा राजाच्या आज्ञेने घडले नाही. माणसे आपल्या पायांनी तळ्यापर्यंत चालत गेली.

याचा अर्थ वरून आलेली सुधारणा नेहमीच कुचकामाची असते, असा नव्हे. छत्रपती शाहू महाराजांनी १९०२ साली कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, तेव्हा ती राजाज्ञाच होती. पण तिच्या मागे १८७३ पासून चालत आलेले सत्यशोधक समाजाचे काम होते. मागणी तयार होती, म्हणून आज्ञेला जमीन मिळाली. ऑर्झमारमध्ये अशी मागणी कोणीच करीत नाही. जातिबाह्य तेथे दिसतात ते भिकारी म्हणून, गुंड म्हणून किंवा कोणा सरदाराला मुलगा देऊन वर चढू पाहणाऱ्या स्त्रिया म्हणून. त्यांची सभा नाही, पुढारी नाही, अर्ज नाही, संप नाही. त्यांच्या जन्माचा फैसला दोन सरदार आणि एक वाटसरू मिळून करतात. खेळणारा स्वतः जातिबाह्याची भूमिका घेऊन आला तरी फैसल्याच्या वेळी तो आपल्या वस्तीचा प्रतिनिधी नसतो. तो परका, फौज मागावयास आलेला नायकच असतो. वस्तीला विचारून मुकुट द्यावा, असा पर्याय पडद्यावर येतच नाही.

हा दोष एका खेळाचा नाही. खेळ एका माणसाने खेळावयाचा असतो, म्हणून निर्णयही एकाच्या हाती द्यावा लागतो, हे समजण्यासारखे आहे. दहा वर्षे सभा घेऊन, वर्गणी जमवून, तुरुंगात जाऊन जे घडते ते पडद्यावर रंजक कसे करावे, हा प्रश्न खेळकर्त्यांपुढे आहेच. तरीही चौथ्या अल्टिमात आंधळ्या बाईच्या नाण्यांचा हिशेब ज्यांना ठेवता आला, त्यांना वस्तीतल्या मागणीचा हिशेब ठेवणे अगदीच अशक्य असावे असे वाटत नाही. आमच्या एका विद्यार्थ्याला मी हे बोलून दाखविले तेव्हा तो म्हणाला, “सर, पण मग नायक काय करणार?” प्रश्न प्रामाणिक होता. त्याच्या मनातील राजकारणात नायकाला करण्यासारखी एकच गोष्ट होती : योग्य माणसाच्या डोक्यावर मुकुट ठेवणे. निवडणुकीच्या दिवसांत त्याच्याहून चौपट वयाची माणसेही असेच बोलताना आढळतात, तेव्हा त्याला एकट्याला बोल लावता येत नाही.

मी त्याला एवढेच सुचविले की, समारोपाचा तो मजकूर त्याने पुन्हा एकदा वाचावा. बेलेनच्या राज्यात जातिबाह्यांनी शस्त्रे घेतली, पूर्वी गमावलेल्या भूगर्भातील वसाहती परत जिंकल्या, येथवर तो मजकूर येतो आणि थांबतो. युद्ध ओसरल्यावर ती शस्त्रे त्यांनी राजाला परत केली की जवळ ठेवली, हे त्यात लिहिलेले नाही.